आत्यांचं पोट आणि माझं

“गार लागेल हं, आजी,” डॉ. मुजावर म्हणाल्या आणि आत्यांच्या उघड्या पोटावर त्यांनी नळीतला चिकट मलम पिळला.

आत्या दचकल्या नाहीत. कुणी सुई टोचली, कुणी धरून बसवलं, तरी हल्ली त्या दचकत नसत. दोन्ही हात छातीवर ठेवून त्या छताकडं बघत पडून राहिल्या. त्यांचं लुगडं मलमानं भरू नये म्हणून मी ते खाली ओढून धरलं होतं. माझ्या मागं, दाराला टेकून, वन्सं उभ्या होत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई मुसळे. आमच्या इचलकरंजीकडं सासूला आत्या म्हणतात, आणि आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणतात. वन्सं म्हणजे त्यांची लेक प्रमिला. लग्न होऊन पुण्याला गेलेल्या, आणि आईला घेऊन जायला म्हणून आठवड्यासाठी आलेल्या. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली.

डॉक्टरांनी हातातला सोनोग्राफीचा चपटा दांडा पोटावरून फिरवला. पडद्यावर करडं, धुरकट काहीतरी दिसू लागलं. त्यांनी दांडा थोडा दाबला, तिरका केला, पुन्हा सरळ धरला.

“आजी, सकाळी काय खाल्लं?”

“काय न्हाई.”

“चहा? एखादं बिस्किट? घोटभर दूध?”

“आंगुळीबिगर मी पाणीबी पीत न्हाई, बाई. आणि आज अजून आंगूळ न्हाई.”

“मग हे काय आहे?” डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला. “पोट भरलंय तुमचं. आत्ताच चांगलं जेवून उठल्यासारखं.”

वन्सं दारापासून पुढं आल्या.

“शालन, तू काही दिलंस आईला?”

“न्हाई ओ, वन्सं.”

“रात्रीच्या जेवणानंतर काही द्यायचं नाही म्हणून बजावून सांगितलं होतं. एवढं एक काम तुला धड...”

“मी काही दिलेलं न्हाई.”

“मग आईच्या पोटात ते कुणी घातलं? मी?”

 त्या दिवसांत मला भांडायचाही कंटाळा आला होता.

दिवाळीपासून हे चाललं होतं. जेवण झालं की तासा-दोन तासांनी आत्यांना उलटी व्हायची. तिखटानं होत असेल म्हणून मी तिखट बंद केलं. तेलानं होत असेल म्हणून तेल बंद केलं. मग डाळ बदलली, तांदूळ बदलला, पाणी उकळून द्यायला लागले. काही फरक नाही. मी मोरी धुवायची, त्यांचं लुगडं बदलायची, भिजवायची, आणि पुन्हा चुलीपाशी जायची. आत्यांना पंधरा-वीस वर्षांची साखर. उलटी झाली की पोट रिकामं झालं, आता साखर उतरेल, या भीतीनं मी लगेच दुसरं ताट वाढायची. त्या तेही खायच्या. पुन्हा मोरी.

त्यांनी अन्न नाकारलं असतं तर मी समजू शकले असते. पण त्या कधी नको म्हणत नसत. ताट पुढं आलं की मान खाली घालून शेवटच्या शितापर्यंत जेवायच्या. बोटं चाटून, ताटात पाणी घालून ते प्यायच्या. आणि मग सगळं बाहेर.

गल्लीत बोललं जायला लागलं. सुनेच्या हातचं म्हातारीला पचत नाही म्हणे. कुणी त्याच्याही पुढं गेलं, मी आमटीत काहीतरी घालते म्हणे. वन्संचा रोज फोन. “आई सांगते, पोटभर जेवते. मग उलटी कशानं होते? तू काय घालतेस तिला?” हे, म्हणजे माझे मालक, दिवसभर कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात, घरी आले की कानात तोच आवाज घेऊन झोपायचे. त्यांना काही सांगायला गेलं तर म्हणायचे, “तुमचं बायकांचं तुम्ही बघा.”

खरं सांगते, मला वाटायला लागलं होतं की ही म्हातारी मुद्दाम करतेय. चारचौघांसमोर ताट चाटूनपुसून खायचं आणि मग माझ्या हातचं अन्न मोरीत ओकायचं. इतका राग यायचा की ताट ठेवताना माझा हात आपटायचा.

गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस सलाईनवर उपाशी ठेवून पोटात दुर्बीण घालून बघितलं. आत वाट मोकळी होती, जखम नाही, गाठ नाही. मग त्यांनी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी दिली. तिथं डॉ. मुजावर साखरेच्या रोग्यांवर अभ्यास करत होत्या. जेवल्यावर पोट कसं हलतं, अन्न पुढं कसं ढकलतं, ते सोनोग्राफीत बघायचं. आधी उपाशी पोट बघायचं, मग वाटीभर उप्पीट खायला घालायचं, आणि मग थोड्या थोड्या वेळानं पुन्हा बघत राहायचं. इतकं साधं. पण वन्संनी आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं, “तपासणीत काही निघालं नाही, तर रविवारी मी आईला घेऊन जाणार. मग सगळ्यांना कळेलच, दोष कशात होता ते.”

आत्या गेल्या असत्या तर माझी मोरी सुटली असती. रात्रीची झोप मिळाली असती. मला त्या जाव्यात असं वाटतही होतं. पण त्या पुण्याला गेल्या, तिथं नीट जेवल्या आणि त्यांना उलटी झाली नाही, तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि माझ्या दोन पोरींची लग्नं अजून व्हायची होती.

डॉ. मुजावरांनी आत्यांचं पोट फडक्यानं पुसलं. पोरगेलीच बाई, पण डोळ्यांखाली काळं. आदल्या दिवसापासून ड्युटीवर होत्या, बोलता बोलता जांभई दाबायच्या.

“असं पोट असेल तर तपासणीला काही अर्थ नाही,” त्या म्हणाल्या. “आजी, मी रागवत नाहीये. पण खरं काय ते सांगा. खाल्लं असेल तर पुन्हा कधीतरी या.”

आत्या उठून बसल्या. अंगात जीव नव्हता, पण मान ताठ झाली.

“बाई, मी म्हातारी झालो. पण अजून लबाड झालो न्हाई.”

डॉक्टरांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. बाहेर बाकावर बसा. माझ्या दारासमोर. दुपारी मी पुन्हा बघते. तोपर्यंत तोंडात काही घालायचं नाही.”

आम्ही बाकावर बसलो. वन्सं आम्हा दोघींच्या मध्ये बसल्या. मी हळूच काही भरवीन अशी त्यांना भीती असावी. इतकी थकले होते, तरी मला त्याचं हसू आलं. मधे त्या एकदा कँटीनला जाऊन आल्या, तेही समोर बसलेल्या नर्सबाईला “जरा लक्ष ठेवा हो” असं सांगून. येताना हाताला वड्याचा वास होता.

आत्यांनी तेवढ्या वेळात मला एकच गोष्ट सांगितली.

“शालन, तू च्या तरी पिऊन ये.”

“नको, आत्या.”

“सकाळपासनं...”

“नको म्हटलं न्हवं.”

माझा आवाज चढला. वन्संनी वळून बघितलं. 

डॉक्टर येता-जाता बघून जायच्या. एकदा आत्यांच्या बोटातून थेंब काढून साखर बघितली. आत एकामागून एक माणसं जात होती, बाहेर येत होती. दुपार कलल्यावर आम्हाला पुन्हा आत बोलावलं.

पुन्हा तोच मलम, तोच दांडा.  बराच वेळ डॉक्टर एकाच जागी दांडा धरून पडद्याकडं बघत राहिल्या. मग स्टूल ओढून खाली बसल्या.

“आजी, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खरं बोलत होता.”

“काय झालं?” वन्संनी विचारलं.

“सकाळी होतं तसंच आहे अजून. हे आजचं नाही. हे कालचं जेवण आहे.”

“कालचं?”

“काल रात्रीचं. त्यात दुपारचंही असेल. साखरेनं यांच्या पोटाच्या नसा दमल्यात. पोटात घातलेलं पुढं सरकतच नाही. खालचं तसंच राहतं, वरून नवं पडतं, आणि जागा संपली की त्यातलं थोडं वर येतं. स्वयंपाकात काय घातलं याचा काही संबंध नाही.”

 इतके महिने मला कुणीतरी हे वाक्य बोलायला हवं होतं. आता कुणी बोललं, तर मला रडूही आलं नाही. नुसतं बसावंसं वाटलं.

आत्या कोपरावर रेलून पडद्याकडं बघत होत्या.

“म्हंजे माग बंद पडलाय,” त्या म्हणाल्या.

“बंद नाही, आजी. फार हळू चाललाय.” डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. “तुम्हाला दाखवते, चालू माग कसा दिसतो. नीट चाललेलं पोट मलाही शेजारी ठेवून बघायला लागतंच. उपाशी कोण आहे तुमच्यात?”

“मी आत्ताच कँटीनला खाल्लं,” वन्सं म्हणाल्या.

मी आत्यांचं पोट पुसत होते.

“ही हाय उपाशी,” आत्या म्हणाल्या. “कालच्या दुपारपासनं हिनं काय खाल्लं न्हाई.”

मी त्यांच्याकडं बघितलं. आदल्या दुपारी मी भाकरीचा तुकडा मोडला होता, तेवढ्यात त्यांना उलटी आली होती. ते सगळं साफ करून आल्यावर पुन्हा जेवण गेलं नव्हतं. रात्री वन्संना वाढलं, ह्यांना वाढलं, पोरींना वाढलं. माझं मी विसरूनच गेले होते. आणि या म्हातारीनं ते बघून ठेवलं होतं.

आत्यांना स्टुलावर बसवलं आणि मी त्या खाटेवर आडवी झाले. किती दिवसांनी दिवसाउजेडी पाठ टेकली होती कोण जाणे. मलम खरंच गार होता. मी चांगलीच दचकले.

“बघा, हे रिकामं पोट,” डॉक्टर म्हणाल्या. “पार चिकटून गेलंय. अहो, तुम्ही जेवता की नाही?”

 मग त्यांनी तपासणीसाठी आणून ठेवलेली वाटी माझ्या हातात दिली. थंडगार, मीठ कमी, कडेला घट्ट झालेलं उप्पीट. आयुष्यात इतकं गोड काही मी खाल्लं नसेल. लाज वाटत होती, पण हात थांबेना. चमचा वाटीच्या बुडाला लागून वाजायला लागला तेव्हा मला कळलं, की तिघी माझ्याकडं बघतायत.

डॉक्टरांनी मला जरा उठवून बसवलं आणि पुन्हा दांडा लावला.

“आता बघा, आजी. हे गोल दिसतंय ना, ते पोटाचं खालचं तोंड. बघत राहा.”

मीही मान वळवून बघितलं. पडद्यावर एक गोल होता. तो हळूहळू आवळत गेला, पान-तंबाखूच्या चंचीच्या तोंडाचा दोरा ओढावा तसा, आणि मग सैल पडला. थोडं थांबून पुन्हा आवळला. मी काही करत नव्हते. मी नुसती दमून बसले होते आणि माझं पोट आपलं आपण काम करत होतं.

आत्या पदर सावरून, अगदी पडद्याला नाक लागेल इतक्या वाकून बघत होत्या.

“आणि माझं?”

“तुमचं कधीतरी एकदा आवळतं. तेही अर्धवट.” डॉक्टरांनी विचारलं, “काल रात्री तुम्ही काय काय जेवलात, आजी?”

“एक भाकरी. वांग्याची भाजी. दोन येळा आमटी-भात. आणि प्रमिलानं शेवयाची खीर केलती, ती.”

“एवढं? दुपारचं तसंच पोटात असताना? भूक होती?”

“भूक कसली, बाई. दिवाळीपासनं भूक म्हंजे काय ते म्हाईत न्हाई. हितपर्यंत भरल्यागत असतंय.” त्यांनी गळ्याला हात लावला.

“मग खाता कशाला?”

आत्यांनी लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला.

“आई, डॉक्टर काय विचारतायत?” वन्सं म्हणाल्या.

“सांगतो की,” आत्या म्हणाल्या. डॉक्टरांकडं बघूनच बोलल्या, माझ्याकडं नाही. “मी नवी नवरी हुतो तवाची गोष्ट. पंगत बसलीवती, पावणं आलंवतं. माझ्या सासूनं दोन घास खाल्लं आणि ताट फुडं सारलं. बोलली काय न्हाई. निस्तं सारलं. तिचं पोट बिघडलंवतं, का मन, देवाला ठावं. पर पावण्यांनी बघितलं. वरीसभर माझ्या हातचं कुणी खाल्लं न्हाई. पाण्याचा तांब्या दिला तरी हुंगून बघायची माणसं. माझ्या आईला बोलवून घिऊन विचारलं, पोरीला काय शिकवलंस म्हणून.”

त्या थांबल्या. दम लागला होता.

“तवाच ठरिवलं. माझी सून यील तवा तिचं ताट मी सारायचं न्हाई. कायबी हुंद्या. गल्ली आधीच हिला नावं ठेवतीया. ही प्रमिला रोज फोनवर इचारतीया. मी जर नको म्हटलो, तर झालंच की. म्हणून खायचो. म्हटलं, वर येतंय ते मोरीत येतंय, मोरीत कोण बघाय येतंय?”

मोरीत मी असायची, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मला झाकत होत्या. आणि मी ताट आपटून त्यांच्यापुढं ठेवत होते, आणि त्या ते गिळत होत्या. मला काय वाटलं ते सांगते. माया वाटली, हे नंतर. आधी वाटलं, ही म्हातारी उचलून आपटावी. एक शब्द बोलायचा होता. एक.

“आत्या,” मी म्हणाले, “मला सांगायचं की ओ.”

“तुला सांगितलं असतं तर तू वाढलं नसतंस. मग प्रमिला म्हणली असती, सून उपाशी ठेवतीया.”

वन्सं खिडकीकडं वळल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि बराच वेळ तो नुसता हातात धरून ठेवला. “मी खीर आग्रह करकरून घातली गं, आई,” त्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या हातचं तरी राहतंय का बघायला.”

“बघितलंस न्हवं? हितंच हाय,” आत्या स्वतःच्या पोटाकडं बोट करून म्हणाल्या, “तुझी खीरबी.”

डॉक्टर आधी हसल्या. मग वन्सं हसल्या, रडत. मी हसले नाही; मला उठवत नव्हतं.

औषध मिळालं. जेवायच्या आधी घ्यायची गोळी, आणि जेवण पातळ, थोडं, पुन्हा पुन्हा. भाकरीचा नाद सोडायचा. आत्या पूर्ण बऱ्या होतील असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, आणि त्या झाल्याही नाहीत. पुढं त्या सहा वर्षं जगल्या. त्या सहा वर्षांत दिवसातून पाच वेळा पेज, कण्या, वरणाचं पाणी. उलट्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मोरी माझी सुटली नाही. मी काही एकदम गुणाची सून झाले असंही नाही. दमायची, चिडायची, ह्यांच्यावर ओरडायची. पण आत्यांपुढं वाटी आपटली नाही.

वन्सं रविवारी निघाल्या, एकट्या. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या दोन बायका त्यांना भेटायला म्हणून येऊन बसल्या होत्या. खरं तर दवाखान्यात काय झालं ते ऐकायला. बाहेरच्या सोप्यात सगळ्या बसलेल्या. मी आत्यांची पेज घेऊन आले. लहान वाटी, गाळलेली, वर चिमूटभर मीठ.

आत्यांनी चार चमचे घेतले. पाचवा उचलला, तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. मग वाटीला हात लावून ती पुढं सारली. जरा आवाज झाला.

“बास,” त्या म्हणाल्या. “नको आता.”

शेजारणी माझ्याकडं बघायला लागल्या.  आत्यांचा हात अजून वाटीवरच होता. त्या माझ्याकडं बघत होत्या, एखादं पोर हातून भांडं फुटल्यावर बघतं तशा. नवरी होऊन आल्यापासूनच्या पंचावन्न वर्षांत हा शब्द त्यांनी कुणाच्या ताटाला म्हटला नव्हता. आणि खरं सांगते, इतकं सगळं कळूनही मला ते क्षणभर लागलं. माझ्या हातचं कुणी सारलं होतं.

“बरं,” मी म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले, त्यांच्या हाताखालची वाटी घेतली, आणि सगळ्यांच्या देखत, त्यांच्याच चमच्यानं, उरलेली पेज खाऊन टाकली. मला भूक लागली होती.